वय झाले होते, हे उत्तर नव्हे

अमेरिकेतल्या एखाद्या नर्सिंग होममध्ये वृद्ध माणूस जंतुसंसर्गाने दगावला, की एकच वाक्य दोन ठिकाणी ऐकू येते. संस्थेचा वकील न्यायालयात सांगतो की रुग्णाचे वय झाले होते, मधुमेह होता, मूत्रपिंडे थकली होती, संसर्ग अटळ होता. आणि समाचाराला आलेली माणसे घरात म्हणतात, "वय झालं होतं हो, मरणाला काहीतरी निमित्त लागतं." घरात ते सांत्वन असते आणि सांत्वनाशी माझे भांडण नाही. पण तेच वाक्य न्यायालयात सिद्धांत म्हणून उभे राहते, त्याच्या आधाराने दावे निकालात निघतात, विधिमंडळे संस्थांना कायद्याचे कवच देतात. तेव्हा ते वाक्य तपासून पाहिलेच पाहिजे.

आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे डॉक्टरांचे लहान खासगी रुग्णालय. इथे विषय आहे तो अमेरिकेतल्या दीर्घकालीन शुश्रूषागृहांचा. स्वतःचे स्वतः उठणे, खाणे, शौचाला जाणे जमत नाही अशी माणसे तिथे महिनोन् महिने, कधी अखेरपर्यंत राहतात. अशा सुमारे १५ हजार संस्था त्या देशात आहेत आणि त्यांत बारा लाखांहून अधिक माणसे आहेत. दीर्घकालीन शुश्रूषेच्या संस्थांमध्ये दरवर्षी १० ते ३० लाख गंभीर संसर्ग होतात आणि त्यांपायी ३ लाख ८० हजारांपर्यंत मृत्यू होतात, असा अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राचा अंदाज आहे. १९६५च्या स्थलांतर कायद्यानंतर तिकडे गेलेली मराठी डॉक्टर-इंजिनिअरांची पहिली पिढी आज ऐंशीच्या घरात आहे. म्हणून हा प्रश्न आपल्याला परका नाही.

पूर्वपक्ष दुबळा करून खोडला तर त्या खंडनाला अर्थ उरत नाही. म्हणून तो त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो.

पूर्वपक्ष म्हणतो: म्हातारपणी शरीराची प्रतिकारशक्ती क्षीण होते, हे शरीरशास्त्र आहे. जंतू कुठून आला हे बहुतेक वेळा सांगताच येत नाही. कित्येकांच्या नाकात, कातडीवर, आतड्यांत तो आधीपासून मुक्कामाला असतो. उत्तम शुश्रूषा मिळूनही काहींना बेडसोअर, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, होतात, आणि खुद्द सरकारी नियम 'अटळ जखम' हा प्रकार मान्य करतात. माणसे मिळत नाहीत, मेडिकेड या सरकारी योजनेकडून मिळणारा पैसा अपुरा आहे. त्यात भरपाईचे दावे लादले तर चालत्या संस्था बंद पडतील आणि वृद्धांनाच आसरा उरणार नाही. शिवाय दाव्यांनी शुश्रूषा सुधारते याला पुरावा कुठे आहे? हा शेवटचा मुद्दा हवेत केलेला नाही. डेव्हिड स्टडर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९९८ ते २००६ या काळात १,४६५ संस्थांवर झालेले ४,७१६ दावे त्यांनी तपासले. तपासणीत सर्वांत कमी त्रुटी निघालेल्या संस्थांवर वर्षभरात दावा होण्याची शक्यता ४० टक्के, आणि सर्वाधिक त्रुटी असलेल्या संस्थांवर ४७ टक्के. चांगले आणि वाईट यांच्यात जेमतेम सात टक्क्यांचा फरक. मग दावे शिक्षा कोणाला करतात?

यातले पुष्कळसे मला मान्य आहे आणि ते आधीच सांगून टाकतो. संसर्ग झाला म्हणजे हलगर्जी झाली, असे समीकरण मी मांडत नाही. नर्सिंग होममधल्या २५ ते ५० टक्के स्त्रियांच्या लघवीत कोणतेही लक्षण नसताना जंतू सापडतात. तो आजार नव्हे, आणि त्याला प्रतिजैविके देऊ नयेत असे वैद्यकाचेच सांगणे आहे. नुसत्या लघवीच्या रिपोर्टवर दावा उभा राहत असेल तर तो पडलाच पाहिजे. दर दोन तासांनी कूस बदललीच पाहिजे हा जुना दंडकसुद्धा पूर्वीइतका पक्का राहिलेला नाही. चांगल्या फोमच्या गाद्यांवर दोन, तीन आणि चार तासांच्या अंतरांत जखमांच्या प्रमाणात फरक पडला नाही, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसले. म्हणजे एखाद्या रात्री दोनचे अडीच तास झाले म्हणून कोणाला दोषी धरणे अन्यायाचे होईल. नव्या साथीलाही हेच लागू आहे. कर्कलँड हे वॉशिंग्टन राज्यातले गाव २०२० च्या फेब्रुवारीअखेर जगाला माहीत झाले. तिथल्या एका शुश्रूषागृहाशी निगडित कोरोनाचे १६७ रुग्ण १८ मार्चपर्यंत नोंदले गेले; त्यांत १०१ निवासी होते आणि या निवाशांपैकी एक तृतीयांश दगावले. पण विषाणू नवा होता, चाचण्या हाताशी नव्हत्या. त्या पहिल्या दिवसांचा हिशेब नंतर आलेल्या ज्ञानाने करू नये.

इतके मान्य केल्यावर उरतो तो खरा वादाचा मुद्दा. पूर्वपक्ष सगळा भर 'जंतू का आला' या प्रश्नावर देतो. कायदा विचारतो तो प्रश्न दुसराच आहे: जंतू आल्यावर, किंवा तो येण्याची वाट मोकळी दिसत असताना, तुम्ही काय केलेत? शिरकाव आणि मृत्यू यांच्यामध्ये बहुतेक वेळा काही दिवस असतात, कधी आठवडे. त्या दिवसांत खोलीत माणसे ये-जा करीत असतात, कागदावर नोंदी होत असतात. जबाबदारी शोधायची ती त्या दिवसांत, आणि तिथे ती सापडते.

बेडसोअरचेच पाहू. लकव्याने अंथरुणाला खिळलेली बाई आहे. माकडहाडावर, टाचांवर, खुब्यावर शरीराचा भार सतत एकाच जागी येतो, रक्तपुरवठा थांबतो. आधी कातडी लाल होते आणि बोटाने दाबली तरी तो लालपणा जात नाही. ही पहिली पायरी. इथे भार हलवला, कातडी कोरडी ठेवली, खाण्यात प्रथिने वाढवली तर बहुतेक वेळा गाडी तिथेच थांबते. थांबली नाही तर कातडी फाटते, मग चरबी दिसू लागते, मग स्नायू आणि चौथ्या पायरीला हाड. त्या उघड्या जखमेत भिजलेल्या डायपरमधली विष्ठा जाते. जंतू हाडात उतरतात, मग रक्तात, आणि रक्तदाब कोसळून बाई रुग्णालयात पोहोचते. मृत्यूच्या दाखल्यावर 'सेप्सिस' लिहिले जाते, आणि वाचणाऱ्याला वाटते की काहीतरी अकस्मात घडले.

अकस्मात काय घडले यात? काही खोल जखमा आतून सुरू होतात आणि दोनतीन दिवसांत वर दिसतात हे खरे. अखेरच्या अवस्थेत कातडी हे इंद्रियच निकामी होऊ लागते हेही खरे. पण संघराज्याचा नियम 'अटळ' हा शब्द फुकट देत नाही. धोका ओळखला होता, त्याप्रमाणे उपाय ठरवले होते, ते खरोखर केले होते, परिणाम पाहून बदलले होते, आणि तरीही जखम झाली, तरच ती अटळ. संस्थेने हे सगळे केल्याचे दाखवावे आणि निर्दोष सुटावे. त्यात कोणाची हरकत नाही. पूर्वपक्ष मात्र ही चारही कामे वगळून शेवटचा शब्द तेवढा उचलतो.

तापाचेही तसेच. "ताप नव्हता, म्हणून कळले नाही" ही सबब फार ऐकू येते. वृद्धांना ताप कमी चढतो, हे वैद्यकाला ठाऊक नाही काय? अमेरिकेतल्या संसर्गरोग तज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्ये नेमके याच संस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली. एकदाच ३७.८ अंश सेल्सिअस भरले, किंवा वारंवार ३७.२च्या वर गेले, किंवा त्या व्यक्तीच्या नेहमीच्या तापमानापेक्षा एका अंशाहून थोडे अधिक वाढले, तर तो ताप समजावा असे त्यांत आहे. त्याबरोबर अचानक भ्रमिष्टपणा, जेवण टाकणे, तोल जाऊन पडणे, पूर्वी जमणारे काम न जमणे, ही संसर्गाचीच चिन्हे मानावीत असेही आहे. म्हणजे ज्या दुर्बलतेचे कारण पुढे करून संस्था सुटू पाहते, तीच दुर्बलता गृहीत धरून तिच्यासाठी वेगळा मापदंड केव्हाच तयार झालेला आहे. 'आजी आज बोलत नाहीत, चमचा तोंडाशी नेला तरी तोंड उघडत नाहीत' हे मदतनीस बाईने पाहिले आणि नर्सने चार दिवस डॉक्टरला फोन केला नाही, तर त्या चार दिवसांचा जाब म्हातारपणाने द्यायचा की नर्सला कामावर ठेवणाऱ्याने?

आणि हा फोन सद्भावनेवर सोडलेला नाही. १९८७ मध्ये अमेरिकी काँग्रेसने नर्सिंग होम सुधारणा कायदा केला. मेडिकेअर-मेडिकेडचा सार्वजनिक पैसा घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला त्याखालचे नियम बांधील आहेत. निवाशाच्या शारीरिक किंवा मानसिक स्थितीत लक्षणीय बदल झाला की ताबडतोब डॉक्टरांशी बोलायचे आणि निवाशाच्या प्रतिनिधीला कळवायचे, हे त्यांत स्पष्ट आहे. संसर्ग रोखण्याचा लेखी कार्यक्रम हवा, तो पाहणारी प्रशिक्षित व्यक्ती हवी, हेही आहे. पैसा घेताना मान्य केलेल्या अटी न्यायालयात गेल्यावर डोईजड वाटू लागतात, याचे मला खरेच दुःख होते.

आता 'तो आधीच खंगलेला होता' या युक्तिवादाकडे वळू. कायद्याने याचे उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वी दिले आहे, आणि योगायोगाने तेही संसर्गाच्याच खटल्यात. विस्कॉन्सिन राज्यातल्या एका शाळेत एका मुलाने वर्गमित्राच्या नडगीवर हलकी लाथ मारली. त्या पायात आधीच्या दुखापतीचा दोष दडलेला होता. तो चेतला, हाड सडले, पाय कायमचा निकामी झाला. 'व्होसबर्ग विरुद्ध पटनी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या १८९१ च्या निकालात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तत्त्व सांगितले की एवढे नुकसान होईल याची कल्पना नव्हती, ही सबब चालणार नाही. समोरचा माणूस जसा आहे तसा, त्याच्या दुबळेपणासकट, तुमच्या पदरी येतो. तिथे तर लाथ मारणाऱ्याला पायातला दोष ठाऊकही नव्हता. नर्सिंग होमला सगळे ठाऊक असते. दाखल करताना ते माणसाची संपूर्ण तपासणी करते, त्याचा दुबळेपणा कागदावर उतरवते आणि त्या दुबळेपणाचेच पैसे घेते. काचसामान वाहून नेण्याचा व्यवसाय करणाऱ्याने 'काच होती म्हणून फुटली' म्हणावे, तसे हे झाले.

'तो तसाही फार जगला नसता' ही याच युक्तिवादाची पुढची पायरी. तिलाही वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये 'हर्सकोविट्स' खटल्यात उत्तर दिले. कर्करोगाचे निदान लांबले, त्यामुळे रुग्णाची जगण्याची शक्यता ३९ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आली. दोन्ही आकडे पन्नासच्या खाली, म्हणजे तो बहुधा वाचला नसताच. तरीही गमावलेली संधी हे नुकसान धरून दावा ज्यूरीपुढे जाऊ शकतो, असे न्यायालयाने ठरवले. सगळ्या राज्यांनी हे तत्त्व स्वीकारलेले नाही. मला मात्र ते न्यायाला धरून वाटते. म्हाताऱ्या माणसाजवळ थोडेच दिवस उरलेले असतात. ते थोडे आहेत म्हणून कोणीही उचलून न्यावेत असा त्याचा अर्थ होत नाही.

पूर्वपक्षाचे खंडन एकाच उदाहरणाने करायचे झाले तर मी इलिनॉय राज्यातल्या क्विन्सी या गावाचे देईन. माजी सैनिकांसाठी राज्य सरकारने चालवलेले तिथले गृह १८८६ पासूनचे. २०१५ च्या उन्हाळ्यात तिथे लीजनेअर या न्यूमोनियाची साथ आली आणि १२ निवासी दगावले. पुढच्या काही वर्षांतही तिथे नवे रुग्ण निघत राहिले. या आजाराचा जंतू गोड्या पाण्यात राहतो. साधारण २५ ते ४५ अंशांचे कोमट, साचलेले पाणी त्याला मानवते. जुन्या नळांच्या आत, गरम पाण्याच्या टाक्यांत, शॉवरच्या तोटीत तो वाढतो आणि तुषारांतून फुफ्फुसात जातो. माणसाकडून माणसाला तो सहसा लागत नाही. म्हणजे इथे 'भेटायला आलेल्याने आणला असेल', 'त्याच्या अंगातच असेल', 'जंतू कुठून आला कोणास ठाऊक' यांतले एकही उत्तर लागू पडत नाही. नळ कोणाचे, टाकी कोणाची, पाण्याचे तापमान पाहणारा माणूस कोणाच्या पगारावर, हे तिथला प्रत्येकजण सांगू शकतो. वय झालेल्या फुफ्फुसांना तो जंतू जास्त भोवला, हे खरे. पण नळांचे पाणी वय झाल्यामुळे दूषित झाले नव्हते.

त्या प्रकरणात मला अधिक अस्वस्थ करणाऱ्या दोन गोष्टी पुढच्या आहेत. साथ आहे हे कळल्यानंतर ती जाहीर करायला सरकारने सुमारे सहा दिवस घेतले. या आजारात योग्य प्रतिजैविक लवकर मिळणे हाच जगण्याचा आधार असतो. सहा दिवस म्हणजे काय, हे कोणत्याही डॉक्टरला विचारावे. आणि कुटुंबे न्याय मागायला गेली तेव्हा राज्याविरुद्धच्या अशा दाव्यांना १ लाख डॉलरची कमाल मर्यादा होती. जीव गेला तरी तेवढीच. ती मर्यादा २० लाख डॉलरवर नेणारा कायदा २०१८ मध्ये झाला, तोही राज्यपालांच्या फेरबदलाच्या आग्रहाला विधिमंडळाने बाजूला सारल्यावर. माणसे दावे घेऊन उभी राहिली नसती तर ती मर्यादा आजही तशीच राहिली असती, असे मला वाटते.

मनुष्यबळाच्या तुटवड्याचा मुद्दा मी हलक्याने घेत नाही. या संस्थांतल्या मदतनीस बाया, त्यांत आफ्रिकी, फिलिपिनो, हैतीच्या कितीतरी, कमी पगारावर पाठ मोडेपर्यंत राबतात. म्हणूनच जबाबदारी त्यांच्या डोक्यावर न टाकता संस्थेवर ठेवली पाहिजे. किती निवाशांना घ्यायचे आणि किती माणसे कामावर ठेवायची, हे दोन्ही निर्णय मालकाचे असतात. रात्रपाळीला चाळीस जणांमागे दोनच मदतनीस ठेवल्यावर कोणाची तरी कूस बदलायची राहणार, हे मालकाला पाळी सुरू होण्याआधीच ठाऊक असते. किमान मनुष्यबळाचा संघीय नियम २०२४ मध्ये आला. दर निवाशामागे दिवसाला ३.४८ तासांची शुश्रूषा त्यात सांगितली होती. २०२५ मध्ये टेक्सासमधल्या संघीय न्यायालयाने तो रद्द केला. आकडा ठरवून देणारा नियम उरला नाही, तर प्रत्येक प्रकरणात 'इतकी माणसे पुरेशी होती काय' हे विचारणारे न्यायालय तरी उरले पाहिजे.

संस्थेचा निर्णय संसर्गाला कसा वाट करून देतो, याचे दारुण उदाहरण मॅसॅच्युसेट्समधल्या होलिओक इथले. हेही माजी सैनिकांचे गृह, राज्याचेच. २७ मार्च २०२० ला, माणसे कमी पडतात म्हणून, स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचे दोन विभाग एक करण्यात आले. २५ जणांच्या जागेत ४२ जण, कोरोनाची लागण झालेले आणि न झालेले एकत्र. कर्कलँडची बातमी येऊन महिना होत आला होता. आजाऱ्यांना निरोग्यांपासून दूर ठेवावे हे कळायला विषाणूचे नाव माहीत असावे लागत नाही. प्लेगच्या काळात पुण्यातही ते लोकांना कळत होते. होलिओकमध्ये किमान ७६ सैनिक त्या साथीत गेले. राज्यपालांनी नेमलेल्या मार्क पर्लस्टीन यांच्या जून २०२० च्या अहवालाने या एकत्रीकरणावर कठोर ठपका ठेवला. अधीक्षक आणि वैद्यकीय संचालकांवर फौजदारी खटला झाला. तो २०२१ मध्ये काढून टाकला गेला, २०२३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा उभा केला आणि २०२४ मध्ये दोषसिद्धीविना संपला. दिवाणी दाव्यात मात्र २०२२ मध्ये राज्याने ५ कोटी ६० लाख डॉलरची तडजोड केली. फौजदारी कायद्याचे माप फार कडक असते आणि ते तसेच असावे. म्हणून तर दिवाणी दरवाजा बंद करून चालत नाही. न्यूयॉर्कने २०२० च्या एप्रिलमध्ये तो जवळजवळ बंद केला होता. आरोग्यसंस्थांना दिलेले ते कवच वर्षभराने, एप्रिल २०२१ मध्ये, त्याच विधिमंडळाला मागे घ्यावे लागले.

आता स्टडर्ट यांच्या अभ्यासाकडे. तो पूर्वपक्षाचा सर्वांत भक्कम आधार आहे आणि त्याचे आकडे मी खोडत नाही. त्यातून काढलेला निष्कर्ष खोडतो. पहिली गोष्ट, तो संस्थांच्या सरासरीची तुलना करतो. एरवी चांगल्या संस्थेतही एका खोलीत एका बाईकडे महिनाभर दुर्लक्ष होऊ शकते, आणि त्या बाईचा दावा संस्थेच्या सरासरीने खोटा ठरत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ४० आणि ४७ टक्क्यांच्या त्या तुलनेत चांगली-वाईट ठरवली ती सरकारी तपासणीत निघालेल्या त्रुटींवरून. त्या तपासणीची किंमत काय, हे अमेरिकी काँग्रेसच्याच लेखापरीक्षण संस्थेने मे २०२० मध्ये दाखवले. २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत ८२ टक्के संस्थांमध्ये संसर्ग-नियंत्रणाच्या त्रुटी निघाल्या. त्यांतल्या जवळपास निम्म्या संस्थांमध्ये त्या लागोपाठच्या वर्षांत निघाल्या. हात न धुणे, आजाऱ्याला वेगळे न ठेवणे, अशा त्या त्रुटी. यांतल्या सुमारे ९९ टक्के त्रुटी तपासनिसांनी 'गंभीर नाही' म्हणून नोंदल्या, आणि त्यांपैकी १ टक्क्यात प्रत्यक्ष कारवाई झाली. हे २०२० च्या आधीचे चित्र. मग २०२२ च्या सुरुवातीपर्यंत या संस्थांतले निवासी आणि कर्मचारी मिळून दोन लाखांहून अधिक माणसे कोरोनाने गेली. दावे आंधळे आहेत असे म्हणणाऱ्यांनी तपासणीचे डोळे किती उघडे होते, तेही पाहावे.

न्यायालयाने संस्थेला जाब विचारला म्हणून संस्था कोसळतात, हे भाकीतही जुने आहे. 'डार्लिंग विरुद्ध चार्ल्सटन कम्युनिटी मेमोरियल हॉस्पिटल' हा इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९६५ चा निकाल. फुटबॉल खेळताना पाय मोडलेल्या १८ वर्षांच्या मुलाला प्लास्टर घट्ट बसले. बोटे सुजली, काळवंडली, दुर्गंधी सुटली. पायातली संवेदना पाहून वेळेवर वर कळवण्याचे काम नीट झाले नाही आणि शेवटी पाय कापावा लागला. तोवर रुग्णालये म्हणत की उपचार डॉक्टरांचे, आमची फक्त इमारत. न्यायालयाने ते नाकारले. रुग्णालयाचे स्वतःचे उपविधी, परवान्याचे नियम, मान्यतेचे निकष हे सगळे पुरावा म्हणून ग्राह्य धरले. त्या निकालामुळे अमेरिकेत रुग्णालये बंद पडली नाहीत, रुग्णावर लक्ष ठेवण्याची रीत मात्र बदलली. नर्सिंग होमनाही हाच नियम लावायचा आहे, त्याहून जास्त काही नाही.

एक प्रश्न राहतो तो वृद्धाच्या जिवाच्या किमतीचा. भरपाई बुडालेल्या कमाईवर मोजायची तर ८८ वर्षांच्या बाईची कमाई शून्य, म्हणून दाव्याला वकीलच मिळत नाही. कॅलिफोर्नियाने हे ओळखून १९९१ मध्ये आपल्या वृद्ध-संरक्षण कायद्यात बदल केला: बेपर्वा दुर्लक्ष सिद्ध झाले तर वकिलाचा खर्च संस्थेने द्यायचा, आणि मृत्यूपूर्वी भोगलेल्या वेदनांची भरपाईही. 'डिलेनी विरुद्ध बेकर' या १९९९ च्या खटल्यात घोट्याचे हाड मोडलेली एक ८८ वर्षांची बाई शुश्रूषागृहात आली आणि चार महिन्यांच्या आत गेली, तेव्हा तिच्या पायांवर आणि पाठीखाली तिसऱ्या-चौथ्या पायरीच्या जखमा होत्या. मलमूत्रात ती तासन् तास पडून राहत असे. ही निव्वळ व्यावसायिक चूक आहे, तिला वैद्यकीय दाव्यांची सौम्य चौकट लावा, असे संस्थेचे म्हणणे होते. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. कूस न बदलणे आणि अंग न पुसणे यात कसले आले व्यवसायकौशल्य? त्या निकालातला हा विवेक मला फार मोलाचा वाटतो.

आपल्याकडेही हा विवेक नवा नाही. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात जुलै १९६३ मध्ये प्रसूतीनंतर शस्त्रक्रिया झालेल्या एका बाईच्या पोटात टॉवेल राहिला. पोटात पू झाला, दुसऱ्यांदा पोट उघडले, पण ती वाचली नाही. उच्च न्यायालयात कुटुंब हरले. 'अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये, तेहतीस वर्षांनी, भरपाईचा मूळ हुकूम पुन्हा कायम केला. रुग्णालयात हलगर्जीने मृत्यू झाला हे एकदा सिद्ध झाले की नेमका कोणाचा हात चुकला याच्या वादात शासन सुटू शकत नाही, असा त्याचा आशय आहे. पुण्या-मुंबईत आज खासगी वृद्धनिवास आणि शुश्रूषाकेंद्रे झपाट्याने उघडत आहेत. त्यांनाही हाच न्याय लागू पडायला हवा.

ज्यांचे आईवडील आज अमेरिकेतल्या अशा संस्थेत आहेत किंवा उद्या जातील, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. दाखल करताना समोर येणाऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात लवादाचा करार असतो. त्यावर सही केली की न्यायालयाचा दरवाजा आपण आपल्या हाताने बंद करतो. २०१९ च्या संघीय नियमानुसार ती सही ही प्रवेशाची अट असू शकत नाही, आणि चुकून केली असेल तर ३० दिवसांच्या आत ती मागे घेता येते. निवाशाच्या नोंदी २४ तासांत पाहायला आणि प्रती कामकाजाच्या दोन दिवसांत मिळायला हव्यात, हाही नियम आहे. त्यात शनिवार-रविवार आणि सुट्ट्या तेवढ्या वगळल्या आहेत. त्या नोंदी आईवडील हयात असतानाच मागा, तारखा लावून वाचा. भेटीला गेल्यावर पांघरूण बाजूला करून टाचा आणि माकडहाड पाहा. लालसर दिसले तर त्याच दिवशी, लेखी कळवा.